आत्याची माशी आणि काकाचा मासा

माझी आत्या न्यूझीलंडहून परत आली तेव्हा तिने आमच्यासाठी चॉकलेटं आणली आणि स्वतःसाठी एक काठी. काठी चार तुकड्यांची, कापडी पिशवीत गुंडाळलेली. विमानतळावर कोणीतरी विचारलंच, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, "पडद्याचा रॉड आहे. मुलाने दिलाय." अशी ती काठी पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये आली आणि कपाटामागे उभी राहिली.

आत्या शाळेत शिवण शिकवायची. निवृत्त झाल्यावर काही महिने मुलाकडे राहायला गेली होती. सून तिकडचीच. सुनेचे वडील, म्हणजे आत्याचे व्याही, उंच आणि लालबुंद. आत्याला इंग्रजी येतं, पण त्यांचं इंग्रजी तिला कळेना आणि तिचं त्यांना. सुरुवातीला दोघं समोरासमोर बसून नुसती हसायची. शेवटी कंटाळून त्यांनी तिला नदीवर नेलं आणि तिच्या हातात काठी दिली. त्यानंतर बोलायची गरजच पडली नाही, असं ती सांगते.

या मासेमारीत गळाला गांडूळ लावत नाहीत. हुकावर दोऱ्याने लोकर, पिसं असं काहीबाही बांधून खोटी माशी तयार करतात. ती इतकी हलकी की नुसती फेकली तर आपल्याच पायाशी पडते. म्हणून वजन दोरीत असतं. जाड दोरी आधी पाठीमागे हवेत पूर्ण लांबवायची, मग पुढे सोडायची. म्हणजे समोर जितकी मोकळी जागा लागते तितकीच मागेही लागते. आणि आपल्याकडे मागे मोकळी जागा कुठे असते? मागे बाभूळ असते, विजेची तार असते, नाहीतर म्हैस असते.

व्याह्यांनी तिला अशा अडचणीच्या जागांसाठीच्या फेकी शिकवल्या होत्या. त्यांची इंग्रजी नावं आत्याने विमानात बसायच्या आधीच टाकून दिली आणि घरातली नावं ठेवली. मागे जागा नसेल तर 'चादर': दोरी पाण्यावरून हळूच आपल्याकडे ओढायची, काठीमागे तिची झोळी लोंबू द्यायची, आणि गादीवर चादर टाकताना देतो तसा झटका द्यायचा, दोरी गुंडाळी उलगडत पुढे जाते. वर फांदी असेल तर 'झाडू': काठी आडवी, पाण्यालगत, कॉटखालचा केर काढावा तशी. आणि काहीच जागा नसेल तर 'बेचकी': माशी चिमटीत धरून मागे ताणायची, काठीचं धनुष्य झालं की सोडून द्यायची.

तेव्हा मी घरूनच काम करत होते आणि माझ्याकडे गाडी होती. त्यामुळे आत्याची ड्रायव्हर, गुंता सोडवणारी आणि खोटं बोलायला मदतनीस ही तिन्ही पदं माझ्याकडे आली.

सराव गच्चीवर चालायचा. हुक काढून दोरीच्या टोकाला लोकरीचा ओलसर गोंडा लावायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या ओळींमधून तो नेमका सोडायचा. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीत कुरडया घातल्या. आत्याचे डोळे चमकले. ओल्या गोंड्याला ओली कुरडई छान चिकटते हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. "ती तिसऱ्या रांगेतली, कोपऱ्यातली," असं म्हणायची आणि तीच उचलायची. संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "कावळे फार माजलेत हो यंदा."

"फार," आत्या म्हणाली. "आणि नेम बघा ना त्यांचा."

आत्या मासे खात नाही. सासरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद, तिथे मासा कुठला. "मग पकडतेस कशाला?" असं सगळे विचारायचे.

"ओळख व्हावी म्हणून," ती सांगायची. हुकाचा उलटा काटा ती पक्कडीने दाबून टाकायची, म्हणजे मासा चटकन सुटतो. पकडायचा, नीट बघायचा, परत सोडायचा. गंगापूर धरणाच्या कडेला आम्ही पुष्कळ चिलापी माशांशी अशी ओळख करून घेतली. पण तिचं मन होतं दुसरीकडे.

चांदवडजवळ माझ्या काकाची द्राक्षबाग आहे. काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. बागेच्या कडेला शेततळं, आणि तळ्यात एक गवत्या मासा. गवत्या नावाप्रमाणेच गवत खातो. काका रोज सकाळी लसूणघासाची मूठ पाण्यात टाकायचा आणि खालून एक तोंड येऊन काड्या ओढून न्यायचं. बाकी मासा कोणाला कधी धड दिसला नव्हता, पण काकाच्या सांगण्यात तो दर दिवाळीला वाढायचा. शेवटी तो पंधरा किलोवर पोचला होता.

"शेपटीची वरची बाजू फाटलेली हाय त्याच्या," काका पाहुण्यांना सांगायचा. "दोनदा जाळं टाकलं. जाळं फाडून गेला. लय खवट."

दिवाळीला आत्याने विचारलं, "मी एकदा बघू का प्रयत्न करून? सोडून देईन लगेच."

काकाचा चेहरा कसनुसा झाला. "नाय अक्का. त्याला हात लावायचा नाय. तळ्याचा मालक हाय तो." मग जरा सावरून हसला. "अन् तुझ्या त्या लोकरीला फसंल व्हय तो?"

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

जानेवारीत काका आणि काकूंना कळवणला एका साखरपुड्याला जायचं होतं. आदल्या दिवशी आत्याचा फोन आला. "उद्या गाडी काढ. भाकरी मी घेते. आणि हिरवं काही घालू नकोस, तो तुलाच खायला येईल."

वाटेत पिंपळगावच्या पुढे तिने डबी उघडून मला माशी दाखवली. तिला माशी म्हणणं कठीण होतं. ती घासाची काडी होती. हिरव्या लोकरीचा देठ आणि जुन्या इरकल साडीच्या काठातली तीन पानं, बारीक कातरलेली.

"मासा शाकाहारी, मी शाकाहारी," आत्या म्हणाली. "यात पाप कुठंय दाखव."

मळ्यात कोणी नव्हतं. आम्ही कुंपणाचं फाटक उघडून तळ्याच्या भरावावर चढलो. शेततळं ज्याने पाहिलं नाही त्याला सांगते: उंच मातीचा भराव, आत उतारावर काळं प्लास्टिक अंथरलेलं, आणि ते असं गुळगुळीत की पाय टाकला तर थेट पाण्यात, वर येता येत नाही. म्हणून भरावावर ट्यूब आणि दोर बांधून ठेवलेले असतात. उभं राहायला कडेची अरुंद पायवाट तेवढी. तिच्यामागे डोक्यापेक्षा उंच जाळीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे पक्ष्यांसाठी जाळी टाकलेली द्राक्षबाग. तळ्याच्या मध्यावर ड्रमांच्या तराफ्यावर मोटर. तराफ्याच्या सावलीत एक गडद डाग हलत होता.

आत्याने डाग पाहिला आणि पाठीमागचं सगळं विसरली. काठी मागे नेली, दोरी झपकन मागे गेली, आणि पुढे आलीच नाही.

"काय झालं?"

"बागेत गेली," मी म्हणाले. दोरी कुंपणावरून पलीकडे जाऊन बुजगावण्याच्या छातीत अडकली होती. काकाचा जुना बुशशर्ट होता तो. हुक मी काढून आणला.

"बाहीत होता?"

"खिशात."

"नेम चुकला नाही अजून," आत्या स्वतःशीच म्हणाली आणि 'चादर'वर आली. आता दोरी पाण्यावरून सरकत आली, झोळी झाली, झटका बसला आणि सुंदर उलगडत गेली. पण उजवीकडून वारा होता. त्याने घासाची काडी उचलून उतारावरच्या प्लास्टिकवर आणून ठेवली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हुक तिच्या कानाजवळून सुईसारखा गेला.

"खाली बस तू," ती मला म्हणाली. मग तिने काठी दुसऱ्या खांद्यावरून घेतली, म्हणजे दोरी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूने फिरेल. हात वाकडा, अंग तिरकं, तोंड वासलेलं. पण काडी तराफ्याच्या कडेला अलगद पडली. डाग वर आला. एक जाड, निवांत तोंड काडीजवळ आलं, थांबलं, आणि न खाताच वळलं.

"रंग ओळखला त्याने," आत्या कुजबुजली. "इरकलीचा हिरवा आहे. तुझ्या काकाच्या घासाचा हिरवा वेगळा." पिशवीतून तिने काड्यापेटीएवढी डबी काढली, तिच्यात आणखी तीन हिरव्या. शिवणाच्या बाईकडे हिरव्याच्या छटा कमी कशा पडतील?

पुढची फेक 'झाडू'. काठी आडवी, दोरी पाण्याच्या वितभर वरून सरपटत तराफ्याखाली. फार देखणी फेक झाली. अडकली मात्र मोटरच्या पाइपात. मग मी तराफ्याचा दोर ओढून अख्खा तराफा काठाशी आणला, हुक सोडवला, तराफा परत मध्यावर ढकलला. एवढ्या गोंधळात कोण मासा थांबतो?

आम्ही भरावावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. ऊन चढलं तसं पाणी कोमट झालं असावं. कोपऱ्यात, जिथे सुबाभळीच्या फांद्या कुंपणावरून आत वाकल्या होत्या, पाण्यावर पडलेला पाला एकेक करून गायब होऊ लागला.

आत्याने हातातली भाकरी खाली ठेवली. आम्ही गुडघ्यांवर सरकत गेलो. जागा अशी होती की मागे कुंपण, वर फांदी, बाजूला पाण्याचा पाइप. काठी उचलायलासुद्धा वाव नव्हता. आत्याने माशी चिमटीत धरली, मागे ताणली. काठी वाकून थरथरायला लागली. एक डोळा मिटलेली, तोंडाला ठेच्याचं तेल लागलेली माझी आत्या अशी नेम धरून बसली होती, आणि मला हसू आवरत नव्हतं.

"हललीस तर तुलाच मारीन," ती ओठ न हलवता म्हणाली. आणि सोडलं.

काडी फांदीखालून सुटली आणि पाल्यात जाऊन पडली. तोंड वर आलं. पाल्यासोबत काडीही गेली.

त्यानंतर जे झालं ते सगळं एकदमच झालं. दोरी गुंडाळलेली काठीवरची चक्री किंचाळली. मासा तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघाला. आत्या पायवाटेवरून त्याच्यामागे, एका हाताने ओढणी कमरेला खोचत. मी तिच्यामागे, ती घसरली तर धरायला. तराफ्याला वळसा पडणार तोच तिने काठी उंच धरून दोरी त्याच्यावरून पलीकडे टाकली. "क्रेट आण!" ती ओरडली. द्राक्षं भरायची प्लास्टिकची क्रेट कुंपणाशी पडलेली होती. मी तिला दोर बांधला आणि उतारावरून पाण्यात सोडली. दमलेला मासा आत्याने हळूहळू वळवत आणला आणि क्रेटमध्ये सरकवला. मी ओढली.

क्रेट वर आली. फार सहज आली.

आम्ही दोघी आत वाकलो. मासा सुरेख होता. चंदेरी, खवले आरशासारखे, शेपटीची वरची बाजू फाटलेली. लांबीला माझ्या हाताएवढा. वजन असेल दोन, फार तर अडीच किलो.

"हा?" आत्या म्हणाली.

"दुसरा असेल एखादा मोठा."

"शेपटी बघ की." ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू पसरलं, आणि ते मला ओळखीचं होतं, कुरडईच्या वेळचं. "अगं बाई. म्हणून हात लावू देत नव्हता होय?"

तेवढ्यात खालून गाडीचा आवाज आला. पाठोपाठ काकाचा. "ते पाहा, ते तळं. पंधरा किलोचा मासा हाय त्याच्यात. गळाला येत नाय, जाळ्यात येत नाय."

आत्याने हुक काढला, क्रेट पाण्यात तिरकी केली. मासा क्षणभर थांबला आणि निघून गेला. पाण्यावर वर्तुळं उठत असतानाच फाटकातून काका आत आला. त्याच्यामागे एक जाडजूड, गंभीर गृहस्थ. नंतर कळलं की तो द्राक्षाचा व्यापारी. आज हायवेने जाता जाता बाग बघतो असा त्याचा फोन आला, म्हणून काकूंना पुढे पाठवून काका अर्ध्या वाटेतून परत फिरला होता.

काकाने आत्याला पाहिलं. काठी पाहिली. ओली क्रेट पाहिली. त्याच्या टोपीखालचा चेहरा एकदम शाळेतल्या पोराचा झाला.

"अक्का," तो बारीक आवाजात म्हणाला. "घावला का?"

"घावला."

व्यापारी पुढे आला. "कोण घावला? तो पंधरा किलोचा?"

काका जमिनीकडे बघायला लागला. आत्याने काठी कुंपणाला टेकवली, ओढणीने तोंड पुसलं.

"पंधरा?" ती काकाकडे वळून रागाने म्हणाली. "पंधरा म्हणून सांगतोस लोकांना? लाज वाटत नाही? अरे वीसच्या खाली नाही तो! आम्हा दोघींना क्रेट उचलेना. शेवटी म्हटलं, जा बाबा, तू जिंकलास. ही बघ पोरगी, अजून धापा टाकतेय."

मी ताबडतोब धापा टाकायला लागले.

काकाने मान वर केली. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. व्यापाऱ्याने हातातला फोन खिशात ठेवला. बाग बघायची तशीच राहिली. "ताई, नेमकं कसं काय पकडलं?" तो विचारायला लागला. आत्याने त्याला माशी दाखवली, 'चादर' करून दाखवली, आणि मग काठी त्याच्या हातात दिली. त्याला मनगट वापरायचं माहीत नव्हतं, तो अख्खा खांदा वापरायचा. पहिल्याच झटक्यात दोरी कुठेतरी गेली, आणि काकाची पांढरी टोपी उडून तळ्यात जाऊन पडली.

कोणी हसलं नाही. टोपी नावेसारखी तरंगत मध्यावर चालली. आत्याने काठी घेतली, दोरी ओढली, झोळी केली आणि चादर टाकली. माशी टोपीच्या पलीकडे पडली. हळूच ओढल्यावर हुक कडेत रुतला आणि टोपी पाण्यावर रेघ काढत आमच्याकडे आली. व्यापाऱ्याने टाळ्या वाजवल्या. काकाने टोपी पिळली, डोक्यावर घातली, आणि पाणी कपाळावरून ओघळत असताना अगदी रुबाबात म्हणाला, "चला, च्या घेऊ."

परत येताना मी गाडीत विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"खरं सांगून मला काय मिळणार होतं?" आत्या म्हणाली. "फार तर तो खजील झाला असता. आता बघ, तो मला तळ्यावर येऊ नको म्हणूच शकत नाही." थोड्या वेळाने ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि चेहरा पाहिलास ना त्याचा? लहानपणी आमच्या आईसमोर असाच उभा राहायचा."

व्यापाऱ्याने गोष्ट बाजारात नेली. लोक मासा बघायला मळ्यात यायला लागले. काकाचे फोन सुरू झाले. "अक्का, तू वीस कशाला म्हणालीस? पंधरा मी कसातरी निभावत होतो. आता लोक भरावावर बसून राहतात. त्यांना दाखवू काय?"

"पाण्यात वस्तू लहान दिसते म्हणून सांग."

"मोठी दिसते म्हणतात."

"मी शिवण शिकवलंय, विज्ञान नाही," आत्या म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा काकाने स्वतःच फाटक उघडलं, आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "मला शिकवतीस का?" आत्याने शिकवलं. 'चादर' त्याला काही केल्या जमेना. चादर टाकायची कशी हेच त्याला ठाऊक नव्हतं, असं काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. 'झाडू'चंही तेच. 'बेचकी' मात्र पहिल्या दिवशी जमली. आत्या म्हणाली, गावातल्या सगळ्या चिंचांना ठाऊक आहे ते. तिने आपली जुनी काठी त्याला दिली आणि मुलाकडून दुसरी मागवली. ही पण पडद्याचा रॉड म्हणूनच आली.

मासा आता शहाणा झाला होता. इरकलीचा हिरवा, लोकरीचा हिरवा, सगळे हिरवे त्याला पाठ झाले होते. आत्यालाही तो पुन्हा मिळाला नाही. काका रोज घास टाकल्यावर तासभर सुबाभळीखाली नेम धरून बसायचा. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे एवढा वेळ त्याने बागेला दिला असता तर बरं झालं असतं.

मग एका सकाळी मी आत्याकडे चहाला बसले असताना तिचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला. काका धापा टाकत होता, खरोखरीच्या धापा.

"अक्का! घावला! क्रेटमध्ये हाय, माझ्या पुढ्यात हाय!"

"शाबास!" आत्या उभीच राहिली. "केवढा आहे?"

पलीकडे काकाच्या मागे कोणीतरी बोलत होतं. बघायला आलेली माणसं असावीत. मग काकाचा आवाज आला, अगदी हळू, फोन तोंडाजवळ धरून.

"तूच सांग."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, ओठ दाबून हसू धरलं आणि म्हणाली, "आधी त्याला पाण्यात सोड. आकडा आपण मागाहून ठरवू."